सणांच्या गर्दीआधी फ्लेक्स-बोर्डाच्या दुकानाची तयारी

नाशिकमध्ये फ्लेक्स आणि बोर्डाच्या दुकानाला खरी धाप लागते ती गणपतीपासून दिवाळीपर्यंत. त्यात २०२७चा सिंहस्थ समोर आहे. या दिवसांत माल संपल्याने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त चुकीच्या मजकुराचा आणि चुकीच्या मापाचा छापलेला माल फेकून होतं. म्हणून तयारी मशीनपासून नको, डिझाइनच्या टेबलापासून सुरू करा.

व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात असतो. तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात बदलताना जोडाक्षरं तुटतात, आणि सगळ्यात आधी तुटतो 'ऱ्य', 'ऱ्ह'. 'गोऱ्हे, कऱ्हाडे, वाऱ्याचे, शृंगार, हृदय' अशी एक ओळ करून ठेवा. नवा फॉन्ट किंवा कन्व्हर्टर आला की आधी ही ओळ टाकून बघायची. नावं, तारीख, वार आणि मोबाइल नंबर डिझाइन करणाऱ्याने न वाचता दुसऱ्याने मोठ्याने वाचावेत. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. ग्राहकाचं 'ओके' फोनवर घेऊ नका, प्रूफच्या (छपाईआधीच्या नमुन्याच्या) खाली लेखी घ्या आणि आगाऊ रक्कम जमा झाल्यावरच छपाईला सोडा. मंजुरीनंतर मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा, पण कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी जपा. पुढच्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष बदलतात, बाकीचा मजकूर तोच असतो. फोटो मागताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं स्पष्ट सांगा, नाहीतर दाबून बारीक झालेला फोटो दहा फुटांवर ताणावा लागतो. मोठ्या फ्लेक्सला ७२ डीपीआय (दर इंचातले ठिपके) चालतं. व्हिजिटिंग कार्डाला मात्र ३०० डीपीआय आणि चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, हवंच.

मापाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: हे माप फ्रेमच्या आतलं की बाहेरचं? फ्लेक्स फ्रेमवर ओढायचा असेल तर चारही बाजूंना दोन ते तीन इंच कोरी पट्टी सोडा. दोरीने बांधायचा असेल तर कड दुमडून साधारण दोन-दोन फुटांवर आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) मारा. ऑर्डर घेतानाच रोलची रुंदी डोळ्यासमोर ठेवा. साडेचार फुटी काम पाच फुटी रोलवर गेलं की अर्धा फूट पूर्ण लांबीभर वाया जातो, आणि त्याचे पैसे चौरस फुटाच्या दरात कोणी देत नाही.

भगव्याकडे वेगळं लक्ष द्या. स्क्रीनवर झळाळणारा भगवा छापल्यावर विटकरी दिसतो, कारण तो रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळा-किरमिजी-पिवळा-काळा या चार शायांत, तसा उतरतच नाही. पिवळा १०० ठेवून किरमिजी ५० पासून ७५ पर्यंत पाच-पाचने वाढवत एक पट्टी आपल्याच मशीनवर, आपल्याच फ्लेक्सवर आणि विनाइलवर (चिकटवायच्या प्लास्टिक शीटवर) छापून काउंटरला लावा. ग्राहक तिच्यातलं घर निवडेल, वाद तिथेच मिटेल. शाई किंवा माल बदलला की पट्टीही नवी.

मशीनची नोझल टेस्ट, म्हणजे शाई सोडणारी छिद्रं बंद तर नाहीत ना याची छापून तपासणी, रोज सकाळी, पहिल्या कामाआधी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हेडची शाई लवकर सुकते, तर पावसाळ्यात दमट कागद वळतो. वीज गेली आणि हेड कॅपवर (शाई सुकू न देणाऱ्या झाकणावर) बसलं नसेल तर खर्च मोठा, म्हणून निदान हेड पार्क होईपर्यंत टिकेल एवढा यूपीएस हवा. इको-सॉल्व्हंट (उडून जाणाऱ्या द्रावकाच्या शाईच्या) प्रिंटवर लॅमिनेशन २४ तासांनी करा. आत अडकलेलं सॉल्व्हंट आधी उडू दिलं नाही तर बुडबुडे येतात आणि कडा सुटतात. 'आजच द्या' म्हणणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एलईडी अक्षरांत मॉड्यूलची (आतल्या छोट्या दिव्यांच्या पट्ट्यांची) एकूण वॅट बेरीज करा आणि वीजपुरवठ्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपुरताच भार टाका. १२० वॅटच्या मॉड्यूलला १५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). लांब माळ एकाच टोकाने जोडली तर शेवटची अक्षरं मंद पडतात, त्यामुळे मधूनही वायर द्या.

नियमांचा कागद भिंतीवर असू द्या. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवी, आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. रस्त्यावरच्या फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते, तेव्हा परवानगी क्रमांकासाठी कोपऱ्यात जागा ठेवा. विधानसभा-लोकसभेच्या प्रचाराचं पत्रक किंवा पोस्टर छापताना मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे, आणि प्रकाशकाचं दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत आधी घ्यायचं असतं. छापून झाल्यावर त्याची एक प्रत आणि छापील नमुना जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

बोर्ड बसवण्याआधी भिंत ठोकून बघा. जुन्या वाड्यांच्या माती-विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर (भिंतीत फुगून बसणारा बोल्ट) धरत नाही. तिथे आरपार बोल्ट आणि मागून पट्टी. वर विजेच्या तारा असतील तर अॅल्युमिनियमची शिडी दुकानातच ठेवा आणि महावितरणशी बोलून मगच माणूस चढवा.