एडमंटनच्या अंगणात हॉप्स, सल्ला मात्र सोलापूरचा

धाकटा भाऊ कॅनडात एडमंटनला असतो, त्याला घरी बियर करायचा नाद लागलाय. तीन वर्षांमागं विचारतो, दादा अंगणात हॉप्स लावू का, म्हणजे ज्याची बोंडं बियरला कडूपणा आणि वास देतात तो वेल, तू द्राक्षवाला आहेस तर सांग की. आता आमची बाग सोलापूरजवळ नान्नजला, हॉप्स मी बापजन्मात बघितले नव्हते, पण वेल तो वेलच म्हणून वाचत गेलो, व्हिडिओ कॉलवर बघत गेलो आणि चुकत चुकत जमलं एकदाचं. तिकडं पोरं असलेल्या तिघाचौघांनी विचारलं म्हणून लिहून टाकतो.

आधी एक, सोलापुरात लावायच्या भानगडीत पडू नका. नुसत्या उन्हाचा प्रश्न नाहीये, दिवसाच्या लांबीचा आहे. आपला मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जरा वर, एडमंटनला जूनमध्ये सतरा तास उजेड. दिवस लहान पडला की हा वेल अंग धरायच्या आधीच कसाबसा फुलतो आणि बोंडं नावाला लागतात. भारतात हॉप्स झालेत ते तिकडं वर हिमाचलात, लाहौलला.

बी लावायचं नाही, जमिनीखालच्या कांडीचा तुकडा आणायचा आणि तो मादीचाच पाहिजे कारण बियरला लागणारी बोंडं मादी वेलालाच येतात. भावानं कॅस्केड जात आणली, नवशिक्याला बरी. तिकडं मे महिन्यात माती मोकळी झाली की दोन-तीन इंच खोल, डोळे वर करून ठेवायची, दोन कांड्यांत तीन फूट तरी अंतर. जागा दक्षिणेकडच्या भिंतीची, दिवसभर ऊन येणारी. माती आपल्या काळ्या रानासारखी पाणी धरून बसणारी नको, मुळं कुजतात.

आता माझी चूक. मी द्राक्षाच्या डोक्यानं मांडव सांगितला, त्यानं बिचाऱ्यानं सहा फुटांवर तारा ओढल्या आणि हा गडी जुलैत मांडवाच्या वर जाऊन हवेत हात हलवायला लागला. याला पंधरा-अठरा फूट सरळ उंची लागते. छताच्या कडेपासून खाली काथ्याची दोरी सोडा, प्लास्टिकची नको, घसरतो. दुसरी गंमत म्हणजे भाऊ रोज वेल दोरीला गुंडाळायचा आणि सकाळी सुटलेला असायचा, फोनवर रडगाणं, दादा वेल चढंना झालाय. कॅमेरा धर म्हटलं तर हा उलटा गुंडाळत होता! हॉप्स प्रदक्षिणा घालतो, वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखा. त्याच दिशेनं एकदा लावून द्या, मग बघायची गरज नाही. एका दोरीला दोन-तीनच कोंब ठेवा, बाकीचे निर्दयपणे कापा. वेल उंच झाला की खालची तीन फूट पानं काढून टाका, हवा खेळली नाही तर केवडा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, येतो, तो काय असतो हे द्राक्षवाल्याला सांगायला नको. काम करताना फुल बाह्यांचा शर्ट घाला, खोडावर बारीक आकडे असतात, हात ओरबाडून निघतात.

पहिल्या वर्षी मूठभर बोंडं आली तरी खूश व्हा, खरं पीक तिसऱ्या वर्षी. ऑगस्टच्या शेवटी बोंड दाबून बघायचं, ओलं लागलं तर कच्चं, कागदासारखं वाजलं आणि दाबून सोडल्यावर परत फुगलं तर तयार. फोडल्यावर आत पिवळी धूळ दिसते, सगळा कडूपणा आणि वास त्याच्यातच. भावानं खाली सोलापुरी चादर अंथरून तोडणी केली, आई बघत होती, तिनं चांगलंच झापलं. मग जाळीवर पातळ पसरून पंख्याखाली वाळवायचं, देठ वाकायच्या ऐवजी कट्‌कन मोडला की हवाबंद पिशवीत भरून फ्रीजरला. आणि घरात कुत्रं असेल तर वापरलेला चोथासुद्धा त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, खाल्लं तर ताप चढून मरू शकतं.

तोडणी झाल्या झाल्या वेल कापू नका, बर्फाचा कडाका पडून पानं वाळेपर्यंत ठेवा म्हणजे ताकद मुळांत उतरते. मग जमिनीलगत सगळा साफ. द्राक्षाची एवढी छाटणी केली तर आमचे वडील घराबाहेर काढतील. वर गवताचा जाड थर द्यायचा. जानेवारीत मी गड्ड्याच्या जत्रेतून फोन केला तेव्हा तिकडं उणे तीस होतं, भाऊ म्हणाला दादा मेला वाटतं वेल. मेमध्ये नवे कोंब, इतके की जास्तीचे कापून भावाच्या बायकोनं शेंगाचटणी भुरभुरून भाजी केली.