हायवेला भटकणारी स्पोर्ट्स कार: आधी हवा, मग टायर, शेवटी अलाइनमेंट

"ताई, गावात गाडी मस्त चालते, पण समृद्धीला शंभरच्या पुढे गेली की स्टिअरिंग हातात राहत नाही. अलाइनमेंट मारून द्या." स्पोर्ट्स कारवाले माझ्याकडे तक्रार आणि निदान दोन्ही बरोबरच घेऊन येतात. नाशिकच्या अंबडला माझा अलाइनमेंटचा बे आहे, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवायची जागा. दिवसभर कांद्याचे पिकअप, टुरिस्टच्या गाड्या, आणि मधेच जमिनीला टेकलेली एखादी दोन सीटची गाडी. त्या गाडीला मी लगेच मशीनवर चढवत नाही. मालकाला राग येतो, पण हवा आणि टायर बघितल्याशिवाय घेतलेलं माप खोटंच निघतं.

हवेपासून सुरुवात करा, आणि ती टायर थंड असताना मोजा. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, उन्हात नाही. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. पुढचा आणि मागचा आकडा बहुधा वेगळा असतो, पूर्ण लोडचा आणखी वेगळा. पंपावरचा पोऱ्या सवयीने चारही चाकांत ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून मोकळा होतो, आणि तिथेच पुढचं-मागचं गणित बिघडतं. मागे कमी पडली तर लेन बदलताना गाडीची शेपूट उशिरा येते. पुढे कमी पडली तर स्टिअरिंग मठ्ठ होतं. डाव्या-उजव्यात दोन पीएसआयचा फरक असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढू लागते, आणि मालक अलाइनमेंटला शिव्या देतो.

तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की हवा साधारण एक पीएसआयने बदलते. जानेवारीत निफाडकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली, मे महिन्यात दुपारी चाळिशीला. थंडीत भरलेली हवा तशीच ठेवली तर मेमध्ये पाचेक पीएसआय जास्त भरते. म्हणून ऋतू बदलला की मोजायची. पण घाट चढून आल्यावर तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका. चालल्यावर ती तीन-चारने वाढणारच, स्टिकरवरचा आकडा त्या हिशेबानेच दिलेला असतो. नायट्रोजनबद्दल विचारतात म्हणून सांगते: साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. पैसे द्यायचे तर द्या, मोजायचं मात्र तरीही चुकत नाही.

आता टायर. बाजूवर लिहिलेलं वाचायला शिका. बीएमडब्ल्यूची झेड-फोर एम-४०-आय घेतली तर पुढे २५५/३५ आणि मागे २७५/३५, रिंग १९ इंची. ३५ म्हणजे रुंदीच्या ३५ टक्के उंची, म्हणजे पुढच्या टायरची भिंत जेमतेम नऊ सेंटीमीटर. एवढ्या बुटक्या भिंतीत दाबायला जागाच नाही, म्हणून ती स्टिअरिंगला चटकन उत्तर देते, आणि म्हणूनच खड्ड्यात रिंग वाकते. रुंद टायर रस्त्यावरच्या चाकोऱ्यांच्या मागेही जातो. ट्रकांनी दाबलेल्या डाव्या लेनमध्ये गाडी स्वतःच इकडेतिकडे जाते असं वाटतं, ते बऱ्याचदा यामुळे. लेन बदलून बघा. मधल्या लेनमध्ये गाडी शांत झाली तर दोष रस्त्याचा आहे.

वेगाचं अक्षर बघा: व्ही म्हणजे २४० पर्यंत, डब्ल्यू २७०, वाय ३००. समृद्धीवर कारला मर्यादा १२० ची, मग एवढं कशाला, असा प्रश्न येतो. हे अक्षर नुसतं वेगाचं नाही, टायर किती उष्णता सोसतो त्याचंही आहे. मे महिन्याच्या दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर तास-दोन तास एकसारखं पळताना त्याची गरज लागते. कंपनीने दिलं त्यापेक्षा खालचं अक्षर घालू नका.

टायर बनल्याची तारीख बाजूवरच्या कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत असते. १८२३ म्हणजे २०२३ सालचा अठरावा आठवडा. आपल्याकडच्या स्पोर्ट्स कार रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला जाऊन येतात आणि आठवडाभर कव्हरखाली झोपतात. टायर झिजत नाही, नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक होतं. पाच-सहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर कसा वागेल ते नक्षी बघून कळत नाही. नखाने दाबा, भिंतीवर बारीक भेगा शोधा. गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी असेल तर टायर खालून चपटा होतो, आणि सुरुवातीचे काही किलोमीटर थरथर लागते. तापल्यावर ती गेली तर काळजी नको.

मग चाक पूर्ण वळवून आतली कड बघा. बाहेरून टायर चार-पाच मिलिमीटर आणि आतून तारा दिसतायत, असं मी नेहमी बघते. मालक बाहेरून बघतो, म्हणून त्याला कळत नाही. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. एकीकडून गुळगुळीत आणि उलटा फिरवला की करवतीसारखा लागला, तर टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती ते, बिघडलेला आहे. मशीनच्या आधी हे हाताला कळतं. भिंतीला फुगा दिसला तर पुढचं काही तपासू नका, टायर बदला. फुग्याचा टायर कोणी दुरुस्त करून देतो म्हणाला तर तिथून निघा.

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. पण जुलैत घोटी-इगतपुरीच्या पावसात रुंद टायर तीनच्या खाली आला की पाण्यावर तरंगायला लागतो. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय काढल्यावर सावरते, मागचे घसरले तर ती फिरते. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर हा जुगाड नको, चारही एकदम.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी एक फुकटची परीक्षा. पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा (फिरण्याच्या दिशेचा बाण असलेल्या टायरला ही सोय नाही). ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरचा, तशीच राहिली तर गाडीचा. आणि हे लक्षात ठेवा की पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार असतो. हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकली तर ते चालतं.

एवढं झालं की गाडी लिफ्टवर. चाक वर-खाली आणि बाजूने हलवून टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरून ठेवणारे सांधे आणि त्यांतले रबर, बघते. बुश फाटलेला असेल तर मशीनवर आकडा बरोबर येतो आणि ब्रेक मारल्यावर बदलतो. अशा गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे तुमचे पैसे वाया.

आता टो. चाकं वरून बघितली तर पुढच्या टोकाला आत झुकली आहेत की बाहेर, एवढाच अर्थ. आकडा अंश आणि मिनिटांत येतो, ६० मिनिटांचा एक अंश. दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण त्या चाकाला किलोमीटरमागे जवळपास तीन मीटर आडवं जायचं असतं आणि गाडी त्याला सरळ नेते. नाशिक ते मुंबई साधारण १७० किलोमीटर धरा: म्हणजे अर्धा किलोमीटर रबर आडवं घासलं. तरीही टो शून्य नको. रीअर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पळताना पुढची चाकं मागे ढकलली जातात आणि थोडी बाहेर उघडतात, म्हणून उभ्या गाडीला किंचित टो-इन (टोकं आत) देतात. पुढे टो-आऊट (टोकं बाहेर) ठेवला तर वळणावर गाडी झटकन आत येते, ट्रॅकवाल्यांना आवडतं. हायवेला तीच गाडी सतत शंका काढत राहते.

पण माझ्या मते हायवेचा भरवसा मागच्या टोवर आहे, आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही. एक झेड-फोर आली होती, दुसरीकडे अलाइनमेंट केलेली, प्रिंटवर मागचा एकूण टो हिरवा, म्हणजे मर्यादेत. मालक दादांचं म्हणणं, उजवीकडे लेन बदलली तर गाडी घट्ट, डावीकडे बदलली की मागून सुटते. स्टिअरिंगही सरळ रस्त्यावर किंचित उजवीकडे. मी मोजलं: मागचं डावं १८ मिनिटं आत, मागचं उजवं शून्य. बेरीज १८, मशीन खूश. पण डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, आणि त्यालाच टो नव्हता. शिवाय मागचा धुराच नऊ मिनिटं उजवीकडे बघत होता, त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात, म्हणून स्टिअरिंग वाकडं. दोन्हीकडे नऊ-नऊ केले, बेरीज तीच राहिली, तक्रार गेली. हिरव्या रंगावर जाऊ नका, डावा-उजवा आकडा शेजारी ठेवून वाचा.

कॅम्बर म्हणजे चाक वरून आत झुकणं. थोडा निगेटिव्ह असला की वळणावर टायर पूर्ण टेकतो. स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवली की कॅम्बर वाढतो आणि टोही हलतो, आतली कड त्यानेच जाते. दोन बाजूंत फरक असेल तर गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह तिकडे ओढते. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल, त्यामुळे स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. बहुतेक गाड्यांत तो सहज बदलता येत नाही, पण दोन बाजूंत फरक निघाला तर कुठेतरी आर्म वाकलाय, ते शोधा.

बेवर गेलात तर एवढं मागा: चारही चाकांचं माप, आधी मागचं मग पुढचं, रिंगचा वाकडेपणा धरून. बीएमडब्ल्यूसारखी कंपनी मोजताना सीटवर वजन ठेवायला सांगते, ते ठेवलंय का विचारा. डिकीतलं सामान काढून जा. शेवटी स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणायला लावा, नाहीतर गाडीला वाटतं तुम्ही सरळ रस्त्यावर वळताय, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल उगाच ब्रेक मारतं. आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट घरी न्या.

मग मुंबई हायवेला विल्होळीवरून वाडिवऱ्हेपर्यंत चालवून बघा, वारा नसताना. ऐंशी ते एकशे दहाच्या मध्ये स्टिअरिंग थरथरलं तर तो बॅलन्सिंगचा दोष आहे, अलाइनमेंटचा नाही. सीट थरथरली तर मागची चाकं. टायर नवे असतील तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोर करू नका, साच्याचं तेलकट आवरण जायचं असतं. खाली बसवलेल्या गाडीचे स्प्रिंग तेवढ्यात आणखी थोडे बसतात, म्हणून ती परत मोजायला आणा. त्या मोजणीचे मी पैसे घेत नाही, फक्त सकाळी येऊ नका, तेव्हा पिकअपची रांग असते.