पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत सॉकेटवरचे संदेश तुटू नयेत म्हणून
दोन प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) टीसीपी सॉकेटवरून, म्हणजे टीसीपी या नेटवर्क नियमावलीने चालणाऱ्या जोडणीच्या टोकावरून, बोलत असताना एक संदेश तुकड्यांत येतो किंवा दोन संदेश चिकटून येतात, कारण टीसीपी बाइटांचा क्रम राखते, संदेशाची सीमा नाही. म्हणून प्रत्येक संदेशापुढे त्याची लांबी 4 बाइटांत जोडावी. पर्लच्या पॅक (मूल्ये बाइटांत बांधणाऱ्या) फंक्शनला ‘एन/ए*’ हा साचा (एन मोठ्या लिपीतला, ए लहान) दिल्यास हे एका ओळीत होते.

घेणाऱ्याने आधी 4 बाइट वाचून अनपॅकने (पॅकच्या उलट्या फंक्शनने) लांबी काढावी आणि तेवढे बाइट जमेपर्यंत सिसरीड हे बाइट वाचणारे फंक्शन पुन्हा पुन्हा चालवावे. एका खेपेत ते मागितल्यापेक्षा कमी देऊ शकते. बहुतेक चुका इथेच होतात. सिसरीडकडून शून्य आल्यास समोरची बाजू बंद झाली असे समजावे.

मात्र मजकूर आधी यूटीएफ-8 मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) एन्कोड करावा, अन्यथा बाइटांऐवजी अक्षरे मोजली जाऊन पुढचे सगळे वाचन सरकते.