डोळ्यांखालचा कन्सीलर रेषांत साचू नये म्हणून

सकाळी आरशात नीटनेटका दिसणारा कन्सीलर दुपारपर्यंत डोळ्यांखालच्या बारीक रेषांत जमा होतो, आणि एरवी कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या सुरकुत्या पेन्सिलीने आखल्यासारख्या उठून दिसू लागतात. अशा वेळी बहुतेकांचा हात पुन्हा कन्सीलरकडेच जातो आणि वर आणखी एक थर चढतो. नेमके तेच करू नये. डोळ्यांखालची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, शरीरावरील सर्वांत पातळ त्वचेपैकी एक असते. तिच्यात तेलग्रंथी फारच कमी असल्याने ती लवकर कोरडी पडते, आणि तिच्याखालचा डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा आकुंचन पावत असतो. या हालचालीने वरचा रंगाचा थर दुमडतो, घडीकडे सरकतो आणि तिथेच गोळा होतो. थर जितका जाड, तितके साचायला अधिक. म्हणून कन्सीलर काळेपणा झाकण्यासाठी आहे, रेषा बुजवण्यासाठी नाही, हे धरून चालावे आणि रेषांच्या जागी तो जवळजवळ नसल्यासारखाच ठेवावा.

आधी काळेपणा कशाचा आहे, हे ओळखावे. खिडकीकडे तोंड करून आरसा धरावा आणि हनुवटी किंचित वर उचलावी. प्रकाश समोरून पडताच काळेपणा बराचसा नाहीसा झाला, तर तो रंग नसून खोलगट भागाची किंवा फुगवट्याची सावली असते. त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणून पाहिल्यावर तपकिरी रंग तसाच राहिला, तर तो त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे आलेला असतो. ताणल्यावर निळसर-जांभळी छटा अधिक गडद झाली, तर पातळ त्वचेतून रक्तवाहिन्यांचा रंग दिसत असतो. पुष्कळांच्या बाबतीत या साऱ्यांचे थोडेथोडे मिश्रण असते. निळसर आणि तपकिरी काळेपणावर नुसता त्वचेच्या रंगाचा कन्सीलर लावला, की खालचा रंग राखाडी होऊन डोकावतो आणि तो दडपण्यासाठी आपण थर वाढवत जातो. त्याऐवजी आधी करेक्टरचा, म्हणजे काळेपणाची छटा मारणाऱ्या विरोधी रंगाच्या प्रसाधनाचा, अगदी पातळ हात द्यावा: गोऱ्या त्वचेला फिकट पीच, गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला नारिंगीकडे झुकणारा पीच, गडद त्वचेला सरळ नारिंगी. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी येतो, त्यामुळे दोन्ही छटा एकमेकींना मारतात आणि वरचा कन्सीलर पुष्कळ कमी पुरतो. योग्य रंगाचे दोन विरळ थर चुकीच्या रंगाच्या एका जाड थरापेक्षा केव्हाही बरे.

फुगवट्याबाबत मात्र अपेक्षा माफक ठेवावी. कन्सीलर रंग बदलतो, आकार बदलत नाही. फुगलेल्या भागावर फिकट शेड लावली तर तो भाग अधिकच पुढे आल्यासारखा भासतो. म्हणून बारीक ब्रशने केवळ फुगवट्याच्या खाली पडणाऱ्या सावलीच्या रेघेवर कन्सीलर लावावा आणि वरचा भाग तसाच सोडावा.

कन्सीलर निवडताना पातळ, द्रवरूप आणि वाळल्यावरही किंचित ओलसर झाक राखणारा घ्यावा. कांडीच्या किंवा डबीतल्या घट्ट कन्सीलरमध्ये मेणाचे प्रमाण बहुधा जास्त असते. मुरुमांच्या डागांवर तो उत्तम बसतो, डोळ्यांखाली मात्र जड पडतो. दिवसभर टिकण्याची हमी देणाऱ्या पूर्ण मॅट, म्हणजे अजिबात चमक नसलेल्या, प्रकारांतील उडून जाणारे घटक निघून गेले की मागे एक ताठ पापुद्रा उरतो. तो त्वचेबरोबर वळत नाही आणि हसताना तडकल्यासारखा दिसतो. याउलट फार तेलकट कन्सीलर बसतच नाही, तो घसरत राहतो. शेड त्वचेशी जुळणारी किंवा फार तर एक पायरी फिकट असावी. दोन-तीन पायऱ्या फिकट शेड लावण्याची पद्धत बरीच रुळली आहे, पण पांढुरक्या पार्श्वभूमीवर प्रत्येक सुरकुतीची सावली दुपटीने ठळक वाटते, हे त्यात विसरले जाते. शेड मनगटावर पाहू नये. गालाच्या हाडावर, दिवसाच्या उजेडात लावून दहा मिनिटे थांबावे, कारण काही कन्सीलर हवा लागल्यावर थोडे गडद होतात.

खरे काम कन्सीलरच्या आधीच होते. डोळ्यांखालच्या अनेक बारीक रेषा वयाच्या नसून कोरडेपणाच्या असतात आणि पुरेसा ओलावा मिळाला की त्या उथळ होतात. ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक ॲसिड असलेले हलके आय क्रीम दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढे घ्यावे, अनामिकेने टिपत डोळ्याच्या खोबणीच्या हाडालगत लावावे आणि ते मुरायला किमान पाच मिनिटे द्यावीत. घाईच्या सकाळी मी ते दात घासण्याआधीच लावते, म्हणजे वेगळे थांबावे लागत नाही. नंतर टिश्यू पेपर डोळ्यांखाली एकदा अलगद दाबून वर राहिलेला चिकटपणा टिपून घ्यावा. ही पायरी वगळली तर कन्सीलर त्वचेऐवजी क्रीमच्या थरावर बसतो आणि तासाभरात सरकतो. सनस्क्रीनही एक थरच असतो, हे ध्यानात ठेवून तोही येथे पातळच लावावा आणि मुरू द्यावा. एकावर एक लावलेल्या उत्पादनांच्या बारीक वळ्या सुटू लागल्या, तर त्यांचे परस्परांशी जमत नाही असे समजावे. बहुधा एक पाण्याच्या आधाराचे आणि दुसरे सिलिकोनचे असते. रात्री सुरकुत्यांसाठी रेटिनॉल (अ जीवनसत्त्वापासूनचा घटक) असलेले क्रीम वापरत असाल आणि डोळ्यांखाली सालपटे निघत असतील, तर त्या दिवसांत कन्सीलर कोणत्याही युक्तीने सारखा बसत नाही; त्वचा शांत होईपर्यंत रेटिनॉल त्या भागापासून दूर ठेवावे. मेकअपखाली लावायच्या स्वतंत्र प्रायमरची गरज मला फारशी वाटत नाही, कारण तोही आणखी एक थरच होतो.

आयशॅडो आधी आटोपून घ्यावी, म्हणजे खाली सांडलेली पूड पुसताना कन्सीलर मोडत नाही. फाउंडेशन लावत असाल तर डोळ्यांखाली ब्रशवर उरलेसुरलेलेच फिरवावे. आता कन्सीलर बाटलीच्या झाकणातल्या कांडीने थेट चेहऱ्यावर न लावता हाताच्या पाठीवर काढावा. किती घेतला ते तिथे नीट दिसते. एका डोळ्याला ज्वारीच्या दाण्याएवढा सुरुवातीला पुरतो. त्याचा एक ठिपका नाकालगतच्या आतल्या कोपऱ्यात, जिथून खोलगटपणा सुरू होतो तिथे ठेवावा आणि दुसरा, त्याहून लहान, बाहेरच्या कोपऱ्याखाली थोडा वरच्या दिशेने. पापणीच्या केसांखालचा मधला भाग, जिथे रेषांचे जाळे असते, तो कोराच ठेवावा. ठिपके पसरवताना बोटावर उरेल तेवढेच तिथे पोहोचावे. गालापर्यंत उलटा त्रिकोण रंगवण्याची रीत स्थिर छायाचित्रात शोभते, पण हसत्या-बोलत्या चेहऱ्यावर ती रेषांनाच सर्वाधिक माल पुरवते.

ठिपके ठेवल्यावर वीस-तीस सेकंद थांबावे. कन्सीलर किंचित घट्ट होतो आणि कमी प्रमाणातही चांगला झाकतो. मग अनामिकेने तो टिपत पसरवावा. या बोटाचा दाब स्वभावतःच कमी असतो आणि त्याच्या उबेने कन्सीलर मऊ होऊन त्वचेत मिसळतो. ओला करून घट्ट पिळलेला स्पंजही चालतो; जादा कन्सीलर तो शोषून घेतो, त्यामुळे ज्यांचा हात सैल आहे त्यांच्यासाठी तो अधिक सोयीचा. बोट असो वा स्पंज, थोपटावे, ओढू नये. एखादी जागा अजून काळी वाटली तर फक्त तिथेच अगदी कणभर पुन्हा लावावा. हे सारे हातभर अंतरावरच्या साध्या आरशात पाहून ठरवावे. मोठे करून दाखवणारा आरसा नसत्या दुरुस्त्या करायला लावतो.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असून सर्वाधिक वगळली जाते. मिनिटभर थांबावे, मनापासून हसावे, डोळे किलकिले करावेत आणि मग नजर छताकडे न्यावी. एवढ्यात जे काही रेषांत गोळा झाले असेल, ते स्वच्छ बोटाने किंवा स्पंजच्या टोकाने टिपून काढावे. त्याच क्षणी, नजर वरच ठेवून, पावडर लावावी. आधी पावडर लावली तर साचलेला कन्सीलर तसाच पक्का होतो. पावडर बारीक दळलेली आणि रंगहीन असावी. लहान, मऊ ब्रशवर घेऊन झटकावी आणि जिथे रेषा पडतात तेवढ्याच पट्टीवर एकदाच टेकवावी. पावडरचा जाड थर काही मिनिटे तसाच ठेवून मग झाडण्याची पद्धत, जिला बेकिंग म्हणतात, ती डोळ्यांखाली रेषा असतील तर टाळावी, कारण पावडर उरलासुरला ओलावाही ओढून घेते. त्वचा फार कोरडी असेल तर पावडर पूर्ण सोडून द्यावी आणि मेकअप टिकवणारा सेटिंग स्प्रे स्पंजवर मारून तो स्पंज अलगद टेकवावा. हसताना पडणाऱ्या खोल रेषा यातूनही दिसतील. त्या कन्सीलर न लावताही दिसत होत्याच.

दुपारी रेषा उमटल्या तर वर पावडर मारू नये. हात धुऊन कोरड्या अनामिकेने साचलेले टिपून सपाट करावे. भाग सुकलेला वाटला तर मोहरीएवढे आय क्रीम दोन बोटांत चोळून त्यावर थोपटावे आणि तरीही काळेपणा दिसत असेल तरच आतल्या कोपऱ्यात कन्सीलरचा कण ठेवावा. रात्री कापसाची चकती मेकअप रिमूव्हरने भिजवून मिटलेल्या डोळ्यांवर वीस सेकंद धरावी आणि मग न घासता खाली पुसून घ्यावी. बाटलीवर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढे महिने झाले किंवा त्याआधीच कन्सीलर दाटून आला, तर त्यात पाणी घालून तो पातळ करू नये, टाकून द्यावा.