डोळ्याच्या पडद्याच्या फोटोंवर पीएचडी: मॉडेल बनवण्याआधी काय शिकून घ्यावं

डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) फोटोंवरून मधुमेहामुळे होणारा आजार ओळखणारं एआय मॉडेल बनवायचं, तर सगळ्यात महागात पडणारी चूक बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात होते. आयडीआरआयडी हा डेटासेट घ्या. यात नांदेडच्या नेत्र दवाखान्यात काढलेले ५१६ फंडस फोटो (डोळ्याच्या आतल्या मागच्या भागाचे फोटो) आहेत, प्रत्येक ४२८८ × २८४८ पिक्सेलचा, कोवाच्या कॅमेऱ्याने ५० अंशांत टिपलेला. डायबेटिक रेटिनोपॅथीत, म्हणजे मधुमेहामुळे पडद्याला होणाऱ्या आजारात, फोटोवर सर्वांत आधी दिसणारी खूण म्हणजे मायक्रोअ‍ॅन्युरिझम, केशवाहिनीला आलेला १२५ मायक्रॉनपेक्षा लहान फुगवटा. या फोटोंत तो साधारण दहा ते पंचवीस पिक्सेल रुंद दिसतो. आधीच शिकवलेल्या तयार न्यूरल नेटवर्कला २२४ × २२४ चं चित्र लागतं म्हणून फोटो तेवढा लहान केला, की रुंदी एकोणीस पटींनी आकसते. फुगवटा जेमतेम एका पिक्सेलचा उरतो, म्हणजे पुसलाच जातो. आजार लवकर ओळखायचा, हा प्रबंधाचा विषय, आणि लवकरची खूणच चित्रात नाही!

म्हणून आधी फोटोभोवतीची काळी कड कापा, मग आकार ठरवा. ग्रेडिंगसाठी, म्हणजे आजाराची पायरी ठरवण्यासाठी, किमान ५१२ पिक्सेल, जमलं तर १०२४. फुगवटे किंवा एक्झुडेट (पडद्यात झिरपलेल्या द्रवाचे पिवळसर डाग) रेखायचे असतील तर मूळ फोटोचेच तुकडे पाडून शिकवा. जीपीयूची मेमरी अपुरी पडली तर बॅच (एका वेळी मॉडेलला दाखवायच्या फोटोंची संख्या) लहान करा, फोटो लहान करू नका. हिरवा चॅनल वेगळा काढून बघायची सवय लावा. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आणि रक्तस्राव तिथे ठसठशीत दिसतात. लाल चॅनल बऱ्याचदा भगभगीत आणि निळा अंधारा असतो. क्लाही (फोटोतला उजेड-अंधाराचा फरक भागाभागाने वाढवण्याची पद्धत) लावताना हात आखडता ठेवा. क्लिप लिमिट, म्हणजे हा फरक किती वाढवायचा याची मर्यादा, वाढवत नेली की सेन्सरचा दाणेदारपणाही फुगवट्यासारखा दिसू लागतो.

आता लेबलं, म्हणजे प्रत्येक फोटोला दिलेला ग्रेड. कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरच्या २०१५ च्या स्पर्धेत शिकवण्यासाठी ३५,१२६ फोटो होते. त्यातले २५,८१० शून्य ग्रेडचे, म्हणजे आजार नसलेले. डोळे मिटून प्रत्येकाला ‘शून्य’ म्हणणारं मॉडेलही ७३ टक्के अचूक ठरतं. नुसती अचूकता सांगणारा निकाल म्हणूनच निरुपयोगी. क्वाड्रॅटिक वेटेड कप्पा (दोन ग्रेडिंग किती जुळतात याचं माप, ज्यात मोठी चूक जास्त महाग पडते) आणि प्रत्येक ग्रेडची वेगळी सेन्सिटिव्हिटी (त्या ग्रेडचे खरे किती फोटो पकडले) द्या. शून्य आणि एक या ग्रेडमधली रेघ नेत्रतज्ज्ञांतही एकमताने ओढली जात नाही. स्वतःचा डेटा गोळा करणार असाल तर दोघांनी एकमेकांचं न पाहता ग्रेड द्यावा आणि मतभेद असलेले फोटो तिसऱ्या, जास्त अनुभवी डोळ्यांखाली जावेत. त्या दोघांतला कप्पाही प्रबंधात छापा, नाहीतर तुमच्या मॉडेलचा आकडा कशाशी ताडायचा? आणि हे सगळं करण्याआधी रेटिनाच्या ओपीडीत बसून किमान दोनशे फोटो स्वतः ग्रेड करा. हा सल्ला इंजिनिअरिंगची मुलं टाळतात, पण याला पर्याय नाही.

डेटा वाटताना फोटो मोजू नका, रुग्ण मोजा. एकाच माणसाचा डावा डोळा शिकवण्यात आणि उजवा चाचणीत गेला, की निकाल खोटा फुगतो. सार्वजनिक डेटासेटमध्ये एकच फोटो दोनदा असण्याचे प्रकारही आहेत. २०१९ च्या एपटॉस स्पर्धेच्या फोटोंत ते आढळले आहेत. आधी प्रत्येक फाइलचा हॅश (फोटोवरून निघणारा ओळख-आकडा) काढून दुहेरी फोटो वेगळे करा.

कॅमेऱ्याची गोष्ट याहून फसवी. आजारी डोळे रुग्णालयातल्या मोठ्या कॅमेऱ्यावर आणि निरोगी डोळे शिबिरातल्या हातात धरायच्या कॅमेऱ्यावर टिपले असतील, तर मॉडेल आजार नाही, कॅमेरा ओळखायला शिकतं. हे तपासायची सोपी युक्ती आहे. सगळे फोटो १६ × १६ इतके धूसर करून तेच मॉडेल पुन्हा शिकवा. तरीही निकाल चांगला आला तर डेटात गडबड आहे, पुढे जाऊ नका.

खराब फोटो गुपचूप गाळू नका. थायलंडमधल्या दवाखान्यांत गूगलची प्रणाली वापरून पाहिली तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के तिने ग्रेडिंगलाच घेतले नाहीत, कारण दर्जा पुरेसा नव्हता. आपल्याकडे वयस्कर मधुमेहींची बाहुली लहान असते, त्यात बऱ्याचदा मोतीबिंदू. खोली पुरेशी अंधारी नसेल तर बाहुली आणखी आकसते. ‘ग्रेड करता येत नाही’ हा स्वतंत्र वर्ग ठेवा आणि त्याची संख्या सांगा. फोटो काढतानाच वय, मधुमेह किती वर्षांचा, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते का, कॅमेऱ्याचं मॉडेल, कोणता डोळा हे लिहून घ्या. नंतर हे मिळत नाही.

वेळेचं गणित आधी मांडा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, कोर्सवर्क धरून. एथिक्स कमिटीची परवानगी तुमच्या संस्थेची आणि रुग्णालयाची अशी दोन्हीकडून लागू शकते आणि त्यात सहा महिनेही जातात. म्हणून अर्ज कोर्सवर्क चालू असतानाच टाका. सोबत रुग्णालयातला सह-मार्गदर्शक, मराठीतलं संमतिपत्र आणि ओळख पुसण्याची रीत हवी. नाव फक्त डायकॉमच्या (वैद्यकीय चित्रांच्या फाइल प्रकाराच्या) टॅगमध्ये नसतं. ते फाइलच्या नावात असतं, कधी फोटोच्या कोपऱ्यात छापलेलंही असतं.

शेवटी थ्रेशोल्ड, म्हणजे मॉडेलने कोणत्या गुणापासून ‘पुढे पाठवा’ म्हणायचं ती सीमा. धरा, शिबिरात १,००० मधुमेही आले आणि त्यातल्या १०० जणांना खरंच पुढे पाठवायला हवं. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी (गरज नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर वगळलं) दोन्ही ९० टक्के असली तर ९० खरे रुग्ण सापडतील, १० निसटतील आणि गरज नसलेली ९० माणसं विनाकारण पाठवली जातील. ती दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने जिल्ह्याच्या गावी येणार. निसटलेल्या दहांपैकी कुणाची नजर जाऊ शकते. दोन्हींची किंमत नेत्रतज्ज्ञासोबत बसून ठरवा, व्हॅलिडेशनच्या (शिकवण्यात आणि चाचणीत नसलेल्या, पडताळणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या) फोटोंवर थ्रेशोल्ड निश्चित करा, तारखेसह वहीत नोंदवा आणि मगच चाचणीचा संच उघडा. एकदाच.