पोट जड झाले असता पोटाची मालीश कशी करून घ्यावी

तारकर्ली, गणपतीपुळे किंवा गुहागरला सुट्टीसाठी गेलेल्या माणसाचे पोट पहिल्या दोन दिवसांतच तक्रार करू लागते, कारण प्रवासातील जागरणावर वडे-सागोती, तळलेली सुरमई आणि मे महिना असल्यास बरका फणस यांचा मारा होतो. अशा वेळी रिसॉर्टमधील स्पाच्या यादीत ‘ची नेइ त्सांग’ हे नाव आढळल्यास ते पोटाच्या मालिशीचे आहे, हे ओळखावे. चिनी ताओ परंपरेतील ही पद्धत थायलंडमध्ये जन्मलेले मँटक चिया यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत नेली, आणि तेथून ती स्पांमध्ये रुळली. कोकणातील जुन्या माणसांना हा प्रकार फारसा परका वाटणार नाही. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून देणाऱ्या बायका गावोगावी होत्याच. बेंबी खरोखर सरकत नाही, हे खरे. परंतु त्या हातांनी पोटात अडकलेला वारा सुटून आराम पडत असे, हेही तितकेच खरे.

वेळ ठरवताना जेवण आणि मालीश यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. माशाचे भरपेट जेवण झाले असेल, तर तीन तास. सकाळी हलकी पेज घेऊन दुपारच्या जेवणाआधीची वेळ मागावी, हे उत्तम. गर्भारपण, हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, मूतखडा किंवा पित्ताशयातील खडे, अल्सर, आतड्यांची सूज, ताप, रक्त पातळ करण्याची औषधे यांपैकी काहीही असल्यास ही मालीश घेऊ नये, आणि कॉपर-टी बसवलेली असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. स्वागतकक्षात भरायला देतात त्या कागदावर बहुतेक जण न वाचताच सही करतात. येथे तसे करू नये.

प्रत्यक्ष मालिशीत उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी घ्यावी, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. थेरपिस्टने तेल आणि हात कोमट करून घेतले आहेत ना, हे पाहावे, कारण गार हात लागताच पोट आकसते आणि पहिली पाच मिनिटे वाया जातात. सुरुवात बेंबीभोवती हलक्या हाताने होते. पुढे हात मोठ्या आतड्याच्या मार्गाने जायला हवा: उजव्या कुशीत खालून वर, बरगड्यांखालून आडवा डावीकडे, आणि डाव्या कुशीतून खाली. मळ याच वाटेने पुढे सरकत असल्याने हात उलट फिरू लागल्यास विचारण्यात संकोच नको. दाब श्वास सोडताना वाढावा आणि घेताना कमी व्हावा. डाव्या कुशीत खाली हात पोहोचला की पुष्कळांच्या पोटात गुरगुर होते, वारा सरतो. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही, मालीश त्यासाठीच तर आहे. दाब जाणवणे ठीक, पण टोचणारी कळ आली किंवा बेंबीजवळ खोलवर ठोके लागत असलेल्या जागीच दाब वाढू लागला, तर लगेच थांबवायला सांगावे, कारण तेथून शरीराची मुख्य धमनी जाते.

‘विषारी द्रव्ये बाहेर पडतील’ अशी जी जाहिरात केली जाते, ती मनावर घेऊ नये. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतच असतात. वारा धरणे, साधा बद्धकोष्ठ आणि ताणामुळे आवळलेले पोट यांत काही काळ आराम मिळतो, एवढीच अपेक्षा ठेवावी.

नंतर तासभर पडून राहावे, कोमट पाणी प्यावे आणि त्या दिवशीचे जेवण मऊ भात व कुळथाची पिठी एवढ्यावर भागवावे. सोलकढी आवडत असली तरी छातीत जळजळ असताना ती टाळावी. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातच, खोबरेल तेलाचा हात घेऊन, त्याच दिशेने पाच-दहा मिनिटे स्वतः पोट चोळता येते. मात्र उजवीकडे खाली दुखणे वाढत जात असेल, उलट्या थांबत नसतील, शौचास रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ होत असेल, अथवा कारणाशिवाय वजन उतरत असेल, तर पोटाला कोणाचाही हात लावू न देता थेट डॉक्टरांकडे जावे.