नेणिवेचा माग कसा काढावा आणि तिच्या कृतींची जबाबदारी कशी घ्यावी

एखादी गोष्ट आपण का केली, याचे उत्तर बहुतेकदा जिभेवर तयार असते आणि नेमक्या त्याच उत्तरावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. मेंदूचे बरेचसे काम नेणिवेत, म्हणजे आपल्या नकळत, चालते. जाणिवेपर्यंत त्याचा निकाल तेवढा पोहोचतो, निकालापर्यंतची वाट अंधारातच राहते. डोळे मिटून मनात खोल डोकावले की ती वाट दिसेल, ही समजूत आधी सोडावी. तिचा माग बाहेरूनच काढावा लागतो, म्हणजे कागदावरच्या नोंदींतून आणि ठरावीक परिस्थितीत आपण प्रत्यक्षात काय करतो हे पाहून.

सुरुवात डोळ्यांपासून करावी, कारण तिथे पुरावा काही क्षणांत मिळतो. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे सुमारे ८ सेंटीमीटरवर एक ठळक टिंब काढावे. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण ३० सेंटीमीटर अंतरावर टिंब नाहीसे होते. दृष्टिपटलावर जिथून दृष्टीची नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू सतराव्या शतकात एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिला. आता त्याच टिंबातून दोन्ही बाजूंना जाणारी आडवी रेघ ओढून प्रयोग पुन्हा करावा. टिंब जाते, पण रेघ तुटलेली दिसत नाही. जिथून कोणतीही माहिती आलेली नाही तिथे मेंदूने आजूबाजूच्या अंदाजाने भर घातली आणि ती घालताना आपल्याला विचारलेही नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दृष्टीला नेणिवेतले अनुमान म्हटले होते, ते अशाच कारणांनी.

यातून व्यवहारातला एक नियम निघतो. ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिले’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी काही सांगते, घटनेविषयी पुरेसे सांगत नाही. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस यांच्या १९९९ च्या प्रयोगात चेंडूच्या फेकी मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना चित्रफितीत मध्येच आलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही. म्हणून एखाद्या प्रसंगाबद्दल वाद झाला तर आपसांत चर्चा करण्याआधी प्रत्येकाने काय पाहिले ते वेगवेगळे लिहून काढावे. एकदा बोलणे झाले की आठवणी एकमेकींत मिसळतात आणि पुढे त्या वेगळ्या करता येत नाहीत.

पाहण्यापेक्षा निवडीच्या बाबतीत फसगत अधिक खोल असते. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात लोकांपुढे पायमोज्यांचे चार अगदी एकसारखे जोड ओळीने ठेवले होते. सर्वांत उजवीकडच्या जोडाला स्पष्टपणे जास्त पसंती मिळाली. कारण विचारल्यावर लोकांनी मोज्यांचे गुण सांगितले. जागेचा परिणाम झाला असेल का, असे थेट विचारले तेव्हा जवळजवळ सर्वांनी ते नाकारले. २००५ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी याहून खट्याळ प्रयोग केला. दोन छायाचित्रांतला अधिक आकर्षक चेहरा निवडायला सांगायचे आणि मग हातचलाखीने न निवडलेले छायाचित्र हाती देऊन ‘हेच का निवडले?’ असे विचारायचे. बहुतेक वेळा अदलाबदल लक्षात आली नाही आणि लोकांनी आपण न केलेल्या निवडीचीही कारणे दिली. त्यांना खोटारडे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण त्यांना स्वतःला ती कारणे खरीच वाटत होती.

म्हणून निर्णयांची वही ठेवावी, पण तिच्यात कारणमीमांसा लिहीत बसू नये. वेळ, आदल्या रात्रीची झोप, भूक, समोर कोण होते, पर्याय कोणत्या क्रमाने समोर आले आणि काय ठरले, एवढेच लिहावे. अपेक्षित परिणाम मात्र निर्णयाच्या वेळीच टिपून ठेवावा, कारण निकाल कळल्यावर ‘मला आधीच वाटत होते’ असे मन हमखास म्हणते. काही आठवड्यांनी या नोंदी एकत्र वाचल्या की कारणांमध्ये कधीच न आलेली एखादी गोष्ट, उदाहरणार्थ उशिरा संध्याकाळी दिलेले सगळे नकार, डोळ्यांत भरू लागते.

दुसऱ्यांचे मूल्यमापन करायचे असेल तर केवळ निःपक्षपाती राहण्याचा निश्चय पुरत नाही. एका गुणाची छाप बाकीच्या गुणांवरही पडते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच नोंदवले आहे. निकष आधी लिहावेत, शक्य असेल तिथे नावे झाकावीत आणि उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याची पूर्ण उत्तरपत्रिका संपवण्याऐवजी सर्वांचे पहिले उत्तर, मग सर्वांचे दुसरे, असे जावे.

सवयींच्या बाबतीतही निश्चयापेक्षा मांडणी उपयोगी पडते. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेली ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशी योजना साध्या संकल्पापेक्षा अधिक टिकते, कारण त्यात इशारा आणि कृती यांची गाठ आधीच मारलेली असते. इशारा नेमका असावा. ‘राग आला की’ हा इशारा निरुपयोगी आहे, कारण राग आल्याचे आपल्याला उशिरा कळते. ‘माझा आवाज चढला की मी खाली बसेन’ हा कामाचा. (याउलट, नेणिवेला छुपे संदेश देऊन वागणूक बदलण्याचे दावे करणाऱ्यांपासून सावध राहावे, त्या बाजारात पुराव्यापेक्षा जाहिरातच जास्त असते.)

आता जबाबदारीचा प्रश्न. बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगात हात हलवण्याची मेंदूतली विद्युत पूर्वतयारी हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली आढळली, तर ‘आता हलवावा’ ही इच्छा जाणवल्याची वेळ लोकांनी सुमारे एक पंचमांश सेकंद आधीची सांगितली. यावरून ‘मेंदूने ठरवले, मी नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी ही पूर्वतयारी म्हणजे ठरलेला निर्णय नसून मेंदूतल्या यादृच्छिक चढउतारांची बेरीज असू शकते, असे दाखवले. शिवाय विनाकारण मनगट हलवणे आणि महिनाभर विचार करून नोकरी सोडणे ही एकाच जातीची कृत्ये नव्हेत.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते की ऐन क्षणी आपला ताबा कमी असतो. कॅनडात १९८७ मध्ये झोपेत चालत असताना हत्या केलेल्या माणसाला ज्यूरीने निर्दोष ठरवले आणि १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पण पेंग येत असल्याचे माहीत असूनही गाडी हाती घेणाऱ्या चालकाला आपण मोकळे सोडत नाही. डोळा लागला त्या क्षणासाठी त्याला दोष देता येत नसला, तरी किल्ली फिरवली त्या क्षणासाठी देता येतो. स्वतःचा हिशेब करतानाही हेच करावे. चुकीच्या क्षणापासून मागे मागे जात, आपल्याला धोका माहीत होता आणि वेगळे वागता येत होते असा शेवटचा क्षण शोधावा आणि जबाबदारी तिथे घ्यावी.

माफी मागतानाही ‘रागाच्या भरात बोललो’ एवढ्यावर थांबू नये, कारण ते केवळ स्पष्टीकरण झाले. त्यापुढे व्यवस्थेचे एक वाक्य जोडावे: ‘रात्री थकलेला असताना पैशांचा विषय मी काढणार नाही, आणि निघालाच तर सकाळी बोलू असे सांगून उठेन.’ हे वाक्य तारखेसह वहीत लिहावे आणि महिन्याभराने ते पाळले गेले का, हे स्वतःला न विचारता समोरच्या माणसाला विचारावे.